आवाज कोठून येतो?

नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू व तलासरी या तालुक्यांत भूकंपाचे धक्के बसूं लागले, तेव्हां धुंदलवाडीच्या आसपासच्या लोकांनीं जमिनीच्या पोटांतून येणारा गडगडाटहि ऐकला. आज ज्या आवाजाविषयीं मला बोलावयाचें आहे, तो त्या मानानें क्षुल्लक खरा. परंतु त्याचें मूळहि कधीं कधीं जमिनींतच सांपडतें.

तलासरीकडील एका पाड्यावर माझे एक शिक्षक-स्नेही टेबलावरील संगणकावर एका वृद्ध वादकाचा तारपा मुद्रित करीत होते. स्पीकरांतून, आणि मुद्रणांतहि, अखंड 'घूं' असा सूर येई. आपल्याकडील विजेचीं आवर्तनें सेकंदास ५०. तिची गुणगुण ५० वर, १०० वर व पुढें त्यांच्या पटींत उमटते. तारप्याच्या सुरांत ती एकदां मिसळली, कीं मागाहून गाळतांना वाद्याचाहि अंश गळून जातो. वादक थकलेले, त्यांना पुन्हां पुन्हां फुंकावयास सांगणें बरें नव्हे.

गुरुजींनीं स्पीकर बदलले, ड्रायव्हर काढून पुन्हां घातला, शेवटीं सारी प्रणाली नव्यानें बसविली. गुणगुण जागच्या जागीं! येथें एक कसोटी सांगतों. संगणकावरून आवाज शून्यावर आणूनहि स्पीकरांतील गुणगुण तेवढीच राहिली, तर दोष प्रणालींत शोधूं नये, तारांत शोधावा. आवाज मुळींच येत नसेल, तर मात्र प्रथम सेटिंग पाहावें. पुष्कळदां संगणक स्पीकर सोडून मॉनिटरकडेच आवाज पाठवीत असतो.

तारा एकेक करून सोडवाव्या. पुढच्या सॉकेटाची बारीक तार पेटीच्या आंतून इतर भागांजवळून येते, म्हणून मागचा सॉकेट वापरून पाहावा. मग इंटरनेटची व केबल-टीव्हीची जोडणी काढून ऐकावें. संगणक व स्पीकर दोन भिंतींवरून वीज घेत असतील, तर दोन्ही एका बोर्डावर आणावे; दोन वाटांनीं जमिनीशीं जोडलेल्या यंत्रांमध्यें प्रवाह फिरूं लागतो, आणि तोच कानीं पडतो. डहाणूच्या किनाऱ्याला खाऱ्या हवेनें पिनांवर गंज चढतो, पण त्याची खूण खरखर, गुणगुण नव्हे.

गुरुजींकडे हें सारें करूनहि कांहीं उपयोग झाला नाहीं. मग सहज पेटीच्या पत्र्याला हात लागला आणि बोटांना झिणझिण्या आल्या. प्लग तीन पिनांचा होता, अर्थिंगची तारहि खड्ड्यापर्यंत गेलेली होती. परंतु महिना मे, आणि खड्ड्यांतील कोळसा-मीठ कोरडें ठणठणीत. कोरडी माती विजेला वाट देत नाहीं. "पावसाळ्यांत हा आवाज नव्हता हो," असें गुरुजी पहिल्याच दिवशीं म्हणाले होते. मींच तिकडे लक्ष दिलें नाहीं.

वायरमनानें गंजलेला जोड घासून घट्ट केला, खड्ड्यांत चार बादल्या पाणी ओतलें. झिणझिण्या गेल्या, गुणगुणहि गेली. कांहीं हुशार मंडळी गुणगुण घालविण्यासाठीं तिसरी पिनच मोडून टाकतात. तिनें आवाज कधीं कधीं जातोहि. पण पुढें पत्र्यांत २३० व्होल्ट उतरले, तर त्यांना माणसाच्या देहाखेरीज वाट उरत नाहीं.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं तारपा मुद्रित झाला. मध्येंच एक कोंबडा आरवला आहे. तो गुरुजींनीं तसाच राहूं दिला.