मॅरिलिन ह्यूज गॅस्टन

मॅरिलिन ह्यूज गॅस्टन (जन्म : ३१ जानेवारी १९३९, सिनसिनाटी, ओहायो) या अमेरिकन बालरोगतज्ज्ञ तांबड्या रक्तपेशींच्या सिकलसेल या आनुवंशिक विकारावरील संशोधनासाठी ओळखल्या जातात. सिकलसेलग्रस्त बालकांना तान्ह्या वयापासून नियमित पेनिसिलिन दिल्यास जीवघेणा जंतुसंसर्ग टाळता येतो, हे त्यांच्या नेतृत्वाखालील अभ्यासाने १९८६ साली सिद्ध केले. या निष्कर्षामुळे अमेरिकेत नवजात बालकांच्या सिकलसेल तपासणीला राष्ट्रीय पातळीवर चालना मिळाली.

सुरुवातीचे जीवन व शिक्षण

गॅस्टन यांचा जन्म एका गरीब आफ्रिकी-अमेरिकन कुटुंबात झाला. त्यांचे वडील उपाहारगृहात वाढपी होते, तर आई वैद्यकीय कार्यालयात काम करीत असे. गॅस्टन नऊ वर्षांच्या असताना त्यांची आई घरातच बेशुद्ध पडली. तिला गर्भाशयमुखाचा कर्करोग झाला होता. परंतु आरोग्यविमा नसल्याने तिला वेळेवर उपचार मिळाले नव्हते. या प्रसंगानंतर गॅस्टन यांनी डॉक्टर होण्याचे ठरविले. स्त्री, कृष्णवर्णीय आणि गरीब असल्यामुळे हे शक्य नाही, असे सांगून त्यांना परावृत्त करण्यात आले. म्हणून त्यांनी आधी मायामी विद्यापीठातून (ओहायो) १९६० साली प्राणिशास्त्राची पदवी घेतली. पुढे त्यांनी सिनसिनाटी विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळविला व १९६४ साली वैद्यकीय पदवी संपादन केली. त्या वर्गातील त्या एकमेव आफ्रिकी-अमेरिकन स्त्री होत्या.

सिकलसेल विकाराकडे लक्ष

पदवीनंतर फिलाडेल्फिया जनरल हॉस्पिटलमध्ये प्रशिक्षण घेत असताना त्यांच्यासमोर एक तान्हे मूल आणण्यात आले. त्याचा हात सुजलेला होता व त्यात जंतुसंसर्ग झाला होता. दुखापतीची कोणतीही खूण दिसत नव्हती. वरिष्ठ डॉक्टरांच्या सूचनेवरून रक्त तपासले असता मुलाला सिकलसेल असल्याचे आढळले. हे निदान आपल्याला सुचले नाही, याची रुखरुख गॅस्टन यांना लागून राहिली आणि त्यांनी या विकाराच्या अभ्यासाला वाहून घेतले.

१९७२ साली अमेरिकन काँग्रेसने सिकलसेल नियंत्रणासाठी कायदा संमत केला आणि संशोधनास सरकारी निधी उपलब्ध झाला. त्याच वर्षी सिनसिनाटी येथे सुरू झालेल्या सर्वसमावेशक सिकलसेल केंद्राचे संचालकपद गॅस्टन यांनी सांभाळले. १९७६ पासून त्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या सिकलसेल विभागात कार्यरत होत्या.

विकाराचे स्वरूप

सिकलसेल विकारात हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतील सहाव्या स्थानावर ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन हे अमिनो आम्ल असते. प्राणवायू कमी झाल्यावर असे हिमोग्लोबिन तंतुरूप होते व तांबड्या पेशींना विळ्याचा आकार येतो. या कडक पेशी सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकतात. प्लीहेतील रक्तप्रवाह वारंवार खंडित झाल्याने ती बालपणीच निकामी होऊ लागते. रक्तातील न्युमोकॉकससारखे जीवाणू गाळून नष्ट करणे हे प्लीहेचे महत्त्वाचे कार्य असते. ते थांबल्यावर साधा वाटणारा ताप काही तासांत प्राणघातक ठरू शकतो. जन्मानंतरचे काही महिने गर्भीय हिमोग्लोबिनमुळे लक्षणे दिसत नाहीत. त्यामुळे अनेकदा पहिला गंभीर संसर्ग निदानापूर्वीच होत असे. भारतात हा विकार विशेषतः आदिवासी समाजांत आढळतो. महाराष्ट्रात विदर्भ व नंदुरबार येथे त्याचे रुग्ण अधिक आहेत.

पेनिसिलिन अभ्यास

न्युमोकॉकसविरुद्ध त्या काळी उपलब्ध असलेली लस दोन वर्षांखालील बालकांत पुरेशी प्रभावी नव्हती आणि धोका नेमका याच वयात सर्वाधिक होता. यावर उपाय शोधण्यासाठी अमेरिकेतील २३ केंद्रांमध्ये ३ ते ३६ महिने वयाच्या २१५ बालकांचा अभ्यास करण्यात आला. यादृच्छिक पद्धतीने निवडलेल्या १०५ बालकांना दिवसातून दोनदा १२५ मिलिग्रॅम पेनिसिलिन तोंडावाटे देण्यात आले. उरलेल्या ११० बालकांना तुलनेसाठी जीवाणूंवर परिणाम न करणारी गोळी देण्यात आली.

पेनिसिलिन गटातील २, तर तुलना गटातील १३ बालकांना गंभीर संसर्ग झाला. म्हणजेच संसर्गाचे प्रमाण ८४ टक्क्यांनी घटले. तुलना गटातील ३ बालके संसर्गाने दगावली, तर पेनिसिलिन गटात असा एकही मृत्यू झाला नाही. फरक इतका स्पष्ट होता की, अभ्यास नियोजित मुदतीच्या आठ महिने आधीच थांबविण्यात आला. संशोधकांनी नवजात अवस्थेतच तपासणी करावी आणि चार महिन्यांच्या वयापर्यंत पेनिसिलिन सुरू करावे, अशी शिफारस केली.

परिणाम

सिकलसेलवर उपचार नसल्यास लवकर निदान करून काय साधणार, हा नवजात तपासणीवरील एक प्रमुख आक्षेप होता. स्वस्त व परिचित औषधाने प्राण वाचतात हे दिसल्यावर तो मागे पडला. १९८७ साली राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या तज्ज्ञ परिषदेने सर्व नवजात बालकांच्या तपासणीची शिफारस केली आणि २००६ पर्यंत अमेरिकेच्या सर्व राज्यांत ही तपासणी सुरू झाली. पेनिसिलिन या विकारातील मूळ जनुकीय दोष दूर करीत नाही. ते केवळ बालपणातील सर्वात धोकादायक टप्पा पार करण्यास साहाय्य करते.

उत्तरकाळ

१९९० साली गॅस्टन यांची प्राथमिक आरोग्यसेवा विभागाच्या संचालकपदी नियुक्ती झाली. अमेरिकन सार्वजनिक आरोग्य सेवेतील अशा विभागाचे नेतृत्व करणाऱ्या त्या पहिल्या आफ्रिकी-अमेरिकन स्त्री होत. गरीब व विमा नसलेल्या लोकांपर्यंत आरोग्यसेवा पोहोचविणे हे या विभागाचे मुख्य कार्य होते. २००१ साली त्या सेवानिवृत्त झाल्या. त्याच वर्षी गेल पोर्टर यांच्यासह त्यांनी लिहिलेले, मध्यमवयीन आफ्रिकी-अमेरिकन स्त्रियांच्या आरोग्याविषयीचे 'प्राइम टाइम' हे पुस्तक प्रकाशित झाले.