ओबुसाँची टॅपेस्ट्री आणि ज्याँ ल्युर्सा
टॅपेस्ट्री म्हणजे भिंतीवर टांगायचे असे वस्त्र, ज्यातील चित्र कापडावर रंगवलेले किंवा भरतकामाने काढलेले नसून विणतानाच घडते. त्यात ताण्याचे, म्हणजे मागावर ताणून बसवलेले, धागे बाण्याच्या लोकरी धाग्यांखाली पूर्णपणे झाकले जातात आणि प्रत्येक रंगाचा बाणा या काठापासून त्या काठापर्यंत न जाता आपल्या रंगाच्या क्षेत्रापुरताच मागेपुढे फिरतो. फ्रान्समधील ओबुसाँ या टॅपेस्ट्री विणणाऱ्या गावी माग आडवा असतो, चित्राचा पूर्ण आकाराचा आराखडा ताण्याखाली ठेवला जातो आणि विणकर वस्त्राच्या मागच्या बाजूने काम करीत असल्यामुळे तो आराखडा उलटा, आरशातल्यासारखा, काढावा लागतो.

पुढे मात्र तैलचित्रांची हुबेहूब नक्कल करण्याच्या हव्यासापायी रंगच्छटा शेकड्यांनी वाढल्या आणि ही कला जवळजवळ चित्रकलेची दासी झाली. चित्रकार ज्याँ ल्युर्सा (१८९२–१९६६) याने फ्रान्समधीलच आँजे येथील चौदाव्या शतकातील ‘अपोकॅलिप्स’ हा पटसमूह पाहून त्यातून मोजक्या रंगांचा धडा घेतला. १९३९ मध्ये ओबुसाँला आल्यावर त्याने मोजक्याच रंगांच्या लोकरी ठरवल्या आणि आराखड्यात रंग भरण्याऐवजी प्रत्येक भागावर तेथे वापरायच्या लोकरीचा क्रमांक लिहिण्याची पद्धत रूढ केली. यामुळे विणकराचे स्वातंत्र्य घटले, असा आक्षेप घेता येतो व तो अगदीच निराधार नाही. परंतु खर्च आटोक्यात आला आणि जाड, ठसठशीत विणीला तिचे स्वतःचे सौंदर्य परत मिळाले. १९५७ मध्ये आरंभलेला त्याचा ‘विश्वगीत’ हा दहा पटांचा समूह सुमारे ८० मीटर लांबीचा असून तो आँजेमध्येच पाहावयास मिळतो.