'दारू' एक, पदार्थ दोन : छऱ्याच्या काडतुसातील दारूची निवड

प्रास्ताविक :

मराठीतील 'दारू' हा शब्द मूळचा फारसी असून तेथे त्याचा अर्थ औषध असा आहे. आपल्याकडे तो मद्य आणि स्फोटक चूर्ण या दोन्ही अर्थांनी रुळला. यांपैकी पहिल्या अर्थाशी प्रस्तुत लेखाचा संबंध नाही. दुसऱ्या अर्थातही हा शब्द फसवा आहे, कारण ठासणीच्या बंदुकीत भरली जाते तीही दारू आणि आजच्या बारा बोअरच्या काडतुसात असते तीही दारूच. प्रत्यक्षात हे दोन पदार्थ रसायनदृष्ट्या परस्परांचे नातेवाईकही नाहीत. ज्या देशांत नेमबाज आपली काडतुसे घरीच पुन्हा भरतात, तेथे कोणती दारू निवडावी हा नित्याचा प्रश्न असतो. आपल्याकडे शस्त्र अधिनियम, १९५९ मधील कलम ५ नुसार दारूगोळ्याच्या निर्मितीसाठी स्वतंत्र परवाना लागतो; बंदूक बाळगण्याचा परवाना म्हणजे काडतूस तयार करण्याचा परवाना नव्हे. तरीही ही निवड कोणत्या तत्त्वांवर होते हे समजून घेणे रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र आणि इतिहास या तिन्ही विषयांच्या अध्यापकांना उपयुक्त ठरेल असे वाटते.

परिसराचा संदर्भ :

कडा व आष्टी परिसराला हा विषय परका नाही. शेजारच्या जामखेड तालुक्यातील खर्डा येथे ११ मार्च १७९५ रोजी मराठे व निजाम यांच्यात लढाई झाली. विजापूरच्या बुरुजावर आज दिसणारी, सुमारे ५५ टन वजनाची 'मलिक-ए-मैदान' ही तोफ १५४९ मध्ये अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे ओतली गेली. अगदी अलीकडे, २०२० च्या अखेरीस आष्टी व करमाळा तालुक्यांत बिबट्याच्या हल्ल्यांत माणसे दगावली. रानडुकरांचा उपद्रव तर शेतकऱ्यांच्या अनुभवाचाच भाग आहे. अशा प्रसंगी घरातील जुनी बंदूक बाहेर निघते, आणि तिच्यात काय भरावे हा प्रश्न जिवावर बेतू शकतो.

काळी दारू :

सोरा ७५, कोळसा १५ आणि गंधक १० हे वजनी प्रमाण सर्वपरिचित आहे. सोरा प्राणवायू पुरवतो, कोळसा जळतो आणि गंधक ज्वलन लवकर सुरू करतो. कोळसा हलक्या, सच्छिद्र लाकडाचा हवा. भारतात त्यासाठी तुराट्यांचाही उपयोग होत असे, ही बाब मराठवाड्यातील वाचकांना रोचक वाटेल. जळाल्यानंतर या दारूच्या निम्म्याहून अधिक वजनाचे घन अवशेष उरतात. दाट पांढरा धूर आणि नळीत साचणारी काजळी त्यामुळेच होते. ही काजळी ओलावा शोषते आणि न धुतलेली नळी गंजते.

काळ्या दारूत निवड करायची ती मुख्यतः दाण्याच्या आकाराची. मोठा दाणा सावकाश जळतो, बारीक दाणा झपाट्याने. म्हणून तोफेला जाड, बंदुकीला मध्यम आणि कानावर टाकायच्या रंजकेला अतिबारीक दारू लागे. सुमारे ७० सेंटिमीटर व्यासाच्या 'मलिक-ए-मैदान'च्या नळीत रंजकेची दारू भरणे म्हणजे तोफ फोडण्याचीच तयारी ठरली असती. १८६० च्या सुमारास अमेरिकेतील थॉमस रॉडमन याने दारूच्या मोठ्या वड्यांना आरपार छिद्रे पाडली. बाहेरचा पृष्ठभाग जळून घटत असताना छिद्रांतील पृष्ठभाग वाढत जातो, त्यामुळे वायूची निर्मिती एकदम न होता टिकून राहते. पुढील सर्व प्रगतीचे बीज या साध्या भौमितिक विचारात आहे.

निर्धूम दारू :

१८४६ मध्ये शोनबाइन याने कापसावर नत्राम्ल व गंधकाम्लाची क्रिया करून नायट्रोसेल्युलोज तयार केल्याचे जाहीर केले. हा पदार्थ तोफेसाठी फारच उतावळा निघाला. १८४७ मध्ये इंग्लंडमधील फॅव्हरशॅमचा कारखानाच उडाला. १८८४ मध्ये पॉल व्हिएय या फ्रेंच रसायनज्ञाने तंतुमय नायट्रोसेल्युलोज द्रावकात विरघळवून त्याचे घट्ट पापुद्रे केले आणि ज्वलन पृष्ठभागापुरते मर्यादित ठेवले. त्यात नायट्रोग्लिसरीन मिसळले की 'द्विघटकी' दारू होते. १८८७ मधील नोबेलचे बॅलिस्टाइट हे तिचे आद्य उदाहरण होय.

येथे एक भेद ध्यानात घ्यावा लागतो. काळ्या दारूच्या जळण्याच्या वेगावर दाबाचा परिणाम तुलनेने कमी होतो. निर्धूम दारू मात्र दाब वाढला की अधिक वेगाने जळते, आणि वेगाने जळली की दाब आणखी वाढतो. हे चक्र आवरण्यासाठी दाण्याचा आकार, जाडी आणि त्यावरील ज्वलनरोधक लेप ठरवावा लागतो. घरी पुन्हा काडतूस भरणाऱ्याची निवड म्हणजे नेमकी या वेगाचीच निवड.

बारा बोअरच्या प्रमाणित काडतुसात दाब सुमारे ७४० बारपर्यंत राहणे अपेक्षित असते; रायफलच्या काडतुसात तो तीन-चार हजार बारपर्यंत जातो. छऱ्याच्या बंदुकीची नळी पातळ असते, म्हणून रायफलची दारू आणि छऱ्याची दारू एकमेकींच्या जागी चालत नाहीत. ऑलिंपिक ट्रॅप व स्कीट स्पर्धांत २४ ग्रॅम छऱ्यांची मर्यादा आहे. इतके हलके वजन चटकन पुढे सरकते, त्यामुळे जलद जळणारी दारू लागते. छऱ्यांचे वजन वाढले की ते सावकाश हलतात आणि जलद दारूचा दाब कोंडला जातो. तेथे सावकाश जळणारी दारू हवी. अमेरिकेत एकाच मालिकेतील 'रेड डॉट', 'ग्रीन डॉट' आणि 'ब्लू डॉट' या दारू याच क्रमाने जलद ते सावकाश अशा आहेत. दाण्यांमधील रंगीत ठिपके ओळखीपुरते असतात. टोपी, दट्ट्या वा कवच यांपैकी एक घटक बदलला तरी दाब बदलतो. म्हणून तेथे निर्मात्याने प्रयोगशाळेत तपासलेले कोष्टक तंतोतंत पाळण्याची शिस्त आहे. अंदाजाला वाव नाही.

मापाचा घोटाळा :

परदेशी काडतुसांच्या खोक्यावर आजही 'तीन ड्राम तुल्य' अशी नोंद आढळते. काळ्या दारूच्या तीन ड्राम, म्हणजे सुमारे ५.३ ग्रॅम, भाराने जो वेग मिळे तितका वेग या काडतुसाने मिळतो, एवढाच तिचा अर्थ आहे. प्रत्यक्षात आतील निर्धूम दारू सामान्यतः एक ते दोन ग्रॅमच असते. 'तुल्य' हा शब्द न वाचता कोणी तीन ड्राम निर्धूम दारू मोजली तर नळी फुटणारच. ठासणीच्या बंदुकीत काळ्या दारूच्या जागी तितकीच निर्धूम दारू भरण्याचा परिणामही तोच. जुन्या, पट्ट्या गुंडाळून घडवलेल्या दमास्कस नळ्यांना आधुनिक काडतूसही धोक्याचे असते. ६५ मिलिमीटरच्या खोलीत ७० मिलिमीटरचे काडतूस बसते, पण उडताना त्याचे तोंड अरुंद भागात उघडते आणि दाब वाढतो. केवळ बसते म्हणून ते योग्य मानू नये. फटाक्यातील दारूबद्दल वेगळे लिहिण्याची गरज नसावी, परंतु आहे. क्लोरेट किंवा ॲल्युमिनियमची पूड असलेले मिश्रण ढकलत नाही, फोडते.

आपल्याकडे ही निवड कारखान्यात होते. खडकी येथील दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा असून बारा बोअरची काडतुसेही तेथे तयार होतात. भंडारा येथील कारखाना प्रणोदक दारूसाठी ओळखला जातो. २०२१ च्या पुनर्रचनेनंतर हे दोन्ही म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे आहेत.

साठवण :

रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त दारूखान्याविषयी जी दृष्टी आहे ती विलक्षण आहे. दारूखाना वस्तीपासून दूर व भोवती झाडांचे दाट कुंपण असलेला असावा, दारू तळघरात माच्यावर ठेवावी, तिला ओल लागू देऊ नये आणि ठरावीक दिवसांनी बाहेर काढून ऊन द्यावे, असा त्यातील उपदेशाचा आशय आहे. काळ्या दारूचा शत्रू ओल आहे. तेव्हा हा उपदेश शास्त्रशुद्धच म्हटला पाहिजे. परंतु निर्धूम दारूला हाच नियम लावला तर उलटे घडते. नायट्रोसेल्युलोज मुळातच हळूहळू विघटित होत असते, त्यातून निघणारी नत्राची ऑक्साइडे विघटन आणखी वाढवतात, आणि उष्णतेने ही क्रिया वेग घेते. ती ऑक्साइडे शोषण्यासाठी डायफेनिलअमाइनसारखा स्थिरक मिसळलेला असतो, पण तोही कालांतराने संपतो. म्हणून आजोबांच्या पेटीतील काडतुसे गच्चीवर वाळत घालू नयेत. तांबूस वाफ, आम्लाचा उग्र वास किंवा पितळी बुडाला आतून आलेली हिरवट बुरशी दिसली तर ती उघडून पाहण्याचाही मोह टाळावा आणि जवळच्या पोलीस ठाण्याला कळवावे.