जलप्रलय आणि गाळाची साक्ष

मागील व्याख्यानाच्या अखेरीस व्यासपीठावर आलेल्या चिठ्ठ्यांपैकी एका चिठ्ठीवर दोन प्रश्न होते. पहिला : बायबलात सांगितलेला नोहाचा जलप्रलय खरोखरीच झाला, हे जमीन खणून सिद्ध करता येईल काय? दुसरा : मग आपल्या मनूच्या मत्स्याचे काय? वेळ संपत आली होती, म्हणून आम्ही उत्तर आजवर ठेवले. पहिला प्रश्न मोठा आहे. आजचा बहुतेक वेळ तोच घेईल.

कथा श्रोत्यांना ठाऊक आहे. मनुष्यजात बिघडली म्हणून ईश्वराने पृथ्वी बुडविण्याचे ठरविले. नोहा नावाच्या एका सज्जनाला आधी सूचना मिळाली. त्याने तारू बांधले, त्यात घरची माणसे आणि प्राण्यांच्या जोड्या घेतल्या, आणि पाणी ओसरू लागल्यावर ते तारू अरारातच्या डोंगरांत टेकले. युरोपात ही गोष्ट शेकडो वर्षे इतिहास म्हणूनच वाचली जाई. तिला पुरावाही होता, असे लोक मानीत. डोंगरमाथ्यावरच्या खडकांत समुद्रातले शिंपले सापडतात, ते प्रलयावाचून तेथे कसे जाणार? आपल्या देवघरातला शाळिग्राम हाही अशाच एका समुद्री प्राण्याचा दगड झालेला अवशेष होय. गंडकीच्या पात्रात तो हिमालयातून येतो. तेव्हा हा युक्तिवाद आपल्यालाही अगदीच परका वाटू नये.

परंतु सुमारे ५०० वर्षांपूर्वीच लिओनार्दो दा विंचीने त्यात खोट काढली होती. शिंपल्यातला जीव चिखलातून इंच इंच सरकणारा. चाळीस दिवसांत तो समुद्रापासून लोंबार्डीपर्यंत चालत कसा जाईल? लाटांनी फेकला म्हणावे, तर शिंपले अस्ताव्यस्त सापडले असते. ते तर थरांवर थर, जिवंतपणी जसे होते तसे बसलेले! आज आपण जाणतो की पाणी डोंगरावर चढले नाही. समुद्राचा तळच वर उचलला गेला आणि त्याचा डोंगर झाला. स्वित्झर्लंडच्या योहान शॉइख्त्सर नावाच्या पंडिताने तर १७२६ साली दगडातला एक सांगाडा प्रलयात बुडालेल्या पापी माणसाचा म्हणून प्रसिद्ध केला होता. १८११ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ क्युविए याने तो दगड कोरून पाहिला, तेव्हा पापी मनुष्य नाहीसा झाला आणि एक थोरला सॅलॅमँडर, म्हणजे बेडकाच्या नात्यातला शेपटीवाला प्राणी, शिल्लक राहिला.

हसू येते खरे. पण हसून पुढे जाणे बरे नव्हे. ऑक्सफर्डचे विल्यम बकलंड आणि केंब्रिजचे अ‍ॅडम सेजविक हे दोघेही धर्मोपदेशक होते आणि भूगर्भशास्त्राचे अध्यापकही होते. इंग्लंडभर पसरलेली वाळू-गोट्यांची मैदाने आणि गुहांत सापडणारी हाडे ही प्रलयाचीच खूण, असे बकलंड यांनी १८२३ च्या ग्रंथात मांडले. सेजविकही त्याच मताचे होते. पुढे बारकाईने पाहता दिसू लागले की हे गोटे एका वेळी साठलेले नाहीतच. ठिकाणोठिकाणचे थर वेगळे, काळ वेगळे. तेव्हा १८३१ मध्ये भूगर्भशास्त्रीय संस्थेच्या अध्यक्षपदावरून बोलताना सेजविक यांनी आपले मत भर सभेत परत घेतले. बकलंड यांनीही पाच वर्षांनी तेच केले. आम्हांला या साऱ्या इतिहासात हा प्रसंग सर्वांत मोलाचा वाटतो. जमिनीला साक्षीला बोलावणारे तेच होते, आणि साक्ष विरुद्ध गेली तेव्हा ती मानणारेही तेच.

सगळी पृथ्वी बुडाली हा पक्ष त्यानंतर शास्त्रात पुन्हा उभा राहिला नाही. साधा हिशेब पाहा. वातावरणातली सारी वाफ एकदम कोसळली तरी पृथ्वीवर सरासरी सुमारे एक इंच पाणी होईल. जगातले सगळे बर्फ वितळले तरी समुद्र सुमारे ६५ मीटर चढेल. अरारात तर ५,१३७ मीटर उंच आहे. शिवाय आर्चबिशप अशर यांच्या गणिताप्रमाणे प्रलय इ. स. पू. चोविसाव्या शतकात पडतो. त्याच सुमारास इजिप्तमध्ये पिरॅमिडांच्या आतील भिंतींवर मंत्र कोरले जात होते, आणि त्या कामात कोठे खंड पडलेला दिसत नाही!

मग एखादा प्रांत बुडाला असेल काय? येथे प्रश्नाला खरा रंग चढतो. १८७२ साली ब्रिटिश म्युझियममध्ये निनेवेच्या विटा वाचीत असताना जॉर्ज स्मिथ या तरुणाला प्रलय, डोंगरावर टेकलेले तारू आणि जमीन शोधण्यासाठी सोडलेले कबुतर अशी सारी कथा सापडली. हा मनुष्य मूळचा नोटांच्या छपाईसाठी खोदकाम करणारा कारागीर. कीलाकार लिपी तो फावल्या वेळात शिकला होता. कथेतला नायक मात्र नोहा नव्हे, शुरुप्पाक नगरीचा उत्नपिश्तिम. बायबलाहून जुनी अशी ही कथा तैग्रिस आणि युफ्रेटिस या नद्यांच्या काठची निघाली.

तेव्हा लोक तेथेच खणू लागले. सर लेनर्ड वुली हे उर नगरीत १९२२ पासून उत्खनन करीत होते. १९२९ च्या सुमारास एका खोल खड्ड्यात मजुराला निव्वळ चिकणमाती लागली; ना खापर, ना राख. तळ लागला, असे तो म्हणाला. वुलींनी मोजमाप केले, तर तळ इतक्या वर असणे शक्य नव्हते. त्यांनी त्याला आणखी खणावयास लावले. सुमारे आठ फूट स्वच्छ गाळ गेला आणि खाली पुन्हा गारगोटीची हत्यारे व रंगीत खापरे निघाली. वुलींना आपले उत्तर मनात सुचले होते, पण त्यांनी दोघा सहकाऱ्यांना विचारले; त्यांना काही सांगता येईना. तेवढ्यात त्यांची पत्नी तेथे आली आणि सहज म्हणाली की हा तर तो प्रलयच! बातमी जगभर पसरली. स्वतः वुली सावध होते. हा सर्व जगाचा नव्हे, त्या खोऱ्याचा पूर, असे त्यांचे म्हणणे होते.

पण तेवढेही टिकले नाही. उरपासून अवघ्या काही मैलांवरील अल-उबैद येथे तो गाळ नाही. किश येथे पुराचे थर मिळाले, तेही एक नव्हे अनेक, आणि उरच्या थराहून शेकडो वर्षांनी अलीकडचे. खुद्द शुरुप्पाक येथे सुमारे दोन फुटांचा थर मिळाला, तो इ. स. पू. २९०० च्या आसपासचा, म्हणजे उरशी त्याचाही मेळ नाही. कथेचा नायक त्याच गावचा, म्हणून मॅलोवन यांनी १९६४ साली या अलीकडच्या पुराकडे बोट दाखविले, आणि आम्हांलाही त्यातल्या त्यात तेच सयुक्तिक वाटते. काळ्या समुद्रात सुमारे ७,६०० वर्षांपूर्वी भूमध्य समुद्राचे पाणी एकाएकी घुसले, असे रायन आणि पिटमन यांनी १९९७ मध्ये मांडले; त्या घटनेच्या वेगाबद्दल आणि पाण्याच्या चढीबद्दल अजून वाद चालू आहे. अरारातवरून आणलेल्या तारवाच्या लाकडांविषयी आम्ही बोलत नाही. एकाचे वय काढले, तर ते ख्रिस्तोत्तर काळातले निघाले.

आता चिठ्ठी लिहिणाऱ्या गृहस्थांना आम्ही उलट विचारतो : समजा, शुरुप्पाकचा गाळ पक्का ठरला, तर काय सिद्ध झाले? शुरुप्पाकात पूर आला होता, एवढेच. गाळ खोली सांगतो, काळ सांगतो. पाणी कोणी पाठविले आणि कोणाला आधी सांगून पाठविले, हे गाळ सांगत नाही. भाविकाला हवा असतो तो नेमका हाच भाग. आणि ज्याला कथा खोटी पाडावयाची आहे त्यानेही घाई करू नये. सपाट प्रदेशात, दोन लहरी नद्यांच्या मध्ये राहणाऱ्या लोकांनी पुराची कथा हवेतून काढली नाही. ब्रिटिश म्युझियमच्या आयर्विंग फिंकेल यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका विटेवर ते तारू चक्क गोल आहे, दोर वळून डांबराने लिंपलेल्या टोपलीसारखे. तशा गोल होड्या बगदादपाशी विसाव्या शतकापर्यंत चालत असत. सुमेरी लोकांच्या राजावलीत तर राजांची गणतीच 'प्रलयापूर्वीचे' आणि 'प्रलयानंतरचे' अशी केलेली आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटल्यावर पुण्यातली जुनी माणसे 'पुराच्या आधी' आणि 'पुराच्या नंतर' असे बोलत. नदीकाठच्या माणसाची कालगणना अशीच असते.

राहिला दुसरा प्रश्न. शतपथ ब्राह्मणात मनूची नौका माशाच्या शिंगाला बांधली जाते आणि उत्तरेकडील पर्वतावर उतरते. ही कथा बाबिलोनकडून आली की येथलीच, याबद्दल पंडितांत मतभेद आहेत. पण तिच्यात वर्ष नाही आणि नगरीचे नाव नाही. पर्वत आहे, तोही नुसता 'उत्तरेकडचा'. तेव्हा कुदळ कोठे मारावी, हेच कोणी सांगितलेले नाही.