विक्रीगाडीची पायरी : दुरुस्त करावी की बदलावी ?

राज्य शासनाने २०१६ साली बाजार समितीच्या आवाराबाहेरील फळे व भाजीपाल्याचा व्यापार नियमनमुक्त केला. तेव्हापासून आपल्यापैकी अनेक जण स्वतःची गाडी घेऊन मुंबईच्या उपनगरांत थेट विक्रीसाठी येऊ लागले आहेत. नारायणगाव, ओतूर भागातील गाड्या माळशेज घाट उतरून कल्याणमार्गे मुलुंड व घाटकोपरला येतात. नाशिककडील गाड्या कसारा घाटातून, तर वसई-पालघरकडील गाड्या दहिसरवरून बोरिवली व अंधेरीला पोहोचतात. २०२० च्या टाळेबंदीत गटांनी सोसायट्यांच्या दारात भाजी पोहोचविली व त्यातूनच काहींनी पुढे बंद बॉडीच्या, मागे दार व जिना असलेल्या विक्रीगाड्या बांधून घेतल्या.

अशा गाडीचे इंजिन, टायर व ब्रेक यांची काळजी बहुतेक जण घेतात. मागच्या पायरीकडे मात्र ती तुटेपर्यंत कोणी पाहत नाही. टोमॅटोचा एक क्रेट साधारणपणे २० ते २५ किलोचा असतो. विक्रीच्या दिवशी गाडीत शंभर वेळा तरी चढ-उतार होते. चढणारी व्यक्ती बहुधा घरची बाई किंवा म्हातारा माणूस असतो, कारण तरुण मुलगा गिऱ्हाइकाशी हिशेब करीत असतो. हातात क्रेट असताना पायरी निसटली तर आधार धरावयास हात मोकळा नसतो. खुब्याचे किंवा घोट्याचे हाड मोडले की दवाखान्याचा खर्च तर होतोच, शिवाय ऐन तोडणीच्या हंगामात घरातील दोन हात कमी होतात. पायरीच्या दुरुस्तीचा खर्च त्यामानाने काहीच नाही. म्हणून प्रस्तुत लेखात या विषयाची माहिती देत आहोत.

पायरी का खराब होते ?

मुख्य शत्रू गंज होय. समुद्राकडील दमट, खारी हवा हे एक कारण आहेच, परंतु आपण स्वतः पायरीवर टाकतो ते पाणी व खत हे त्याहून मोठे कारण आहे. कोथिंबीर, मेथी, पालक ताजे राहावेत म्हणून त्यावर पाणी शिंपडले जाते. ते पाणी बॉडीच्या तळातून पाझरून मागच्या कडेला येते व नेमके पायरीच्या सांध्यावर ठिबकते. परतीच्या खेपेस आपण रिकामी गाडी नेत नाही. खताची पोती घेतो. फाटक्या पोत्यातून सांडलेले म्युरेट ऑफ पोटॅश हे पोटॅशियम क्लोराइड असते आणि त्यातील क्लोराइड मिठाप्रमाणेच लोखंड खाते. युरिया हवेतील ओल ओढून घेतो व पृष्ठभाग सतत ओला ठेवतो. अंधेरीच्या मरोळ बाजारातून सुकी मासळी घेऊन परतणारेही काही आहेत. मासळीस हरकत नाही, मात्र खारवलेल्या मालाची पोती पायरीवर टेकवून ठेवू नयेत.

पावसाळ्यात आणखी एक भर पडते. अंधेरीच्या भुयारी रस्त्यात पाणी तुंबणे उपनगरवासीयांना नवे नाही. तुंबलेल्या पाण्यातून गाडी गेली असल्यास घरी आल्यावर पायरी व तिचे बिजागर साध्या पाण्याने धुऊन, वाळवून त्यास ग्रीस लावावे. खताची खेप झाल्यावरही तेच करावे.

दुसरे कारण म्हणजे मार. घडीची पायरी उघडी राहून गाडी मागे घेतल्यास ती फुटपाथच्या कडेवर आपटते. गतिरोधकावर तळ घासतो. अशा वेळी पायरी वाकते ते दिसते, परंतु बॉडीकडील जोडाला गेलेली चीर दिसत नाही व तीच पुढे घात करते.

तपासणी

गाडी सपाट जागी उभी करून चाकांना अडसर लावावा. पायरी स्वच्छ धुवावी, कारण चिखलाखाली काहीच कळत नाही. नंतर लहान हातोडीने सर्व भागांवर हलके ठोकावे. निरोगी लोखंड खणखणीत वाजते, तर गंजाने पोखरलेले लोखंड बद्द आवाज देते. संशयित जागी जुन्या पेचकसाचे टोक दाबावे. पापुद्रे सुटले किंवा टोक आत गेले तर तो भाग संपला असे समजावे. आमच्या मते मूळ जाडीच्या चौथाईपेक्षा अधिक झीज झालेला अँगल पुन्हा वापरू नये, मग वरून तो कितीही चांगला दिसो.

वेल्डिंगच्या सांध्यांकडे विशेष लक्ष द्यावे. रंगावर केसासारखी बारीक रेष व तिच्या कडेने तांबूस ओघळ दिसला तर ती चीरच होय. बिजागराचा पिन काढून पाहावा. पिन १२ मि.मी.चा असेल व भोक झिजून लांबट झाले असेल तर पायरी प्रत्येक पावलागणिक डुलते आणि डुलणारी पायरी तुटक्या पायरीइतकीच धोक्याची आहे. शेवटी एका धडधाकट माणसाने, दुसऱ्याचा आधार घेऊन, पायरीच्या मध्यावर व नंतर दोन्ही टोकांना उभे राहून पाहावे.

दुरुस्ती कोठवर योग्य ?

फक्त पावलाची पट्टी गुळगुळीत झाली असेल, पिन झिजला असेल किंवा एखादा बोल्ट गेला असेल तर दुरुस्ती पुरे. लांबट झालेले भोक वेल्डिंगने भरून पुन्हा पाडण्यापेक्षा ते मोठे करून त्यात बुश बसवावे. पुढच्या वेळी बुश व पिन बदलला की काम भागते. बोल्ट डोक्यावर ८.८ असा आकडा असलेले घ्यावेत व त्यांना नायलॉक नट लावावेत, साधा नट घाटातील हादऱ्यांनी सैल होतो.

वाकलेला अँगल एकदा सरळ करता येतो. त्याच जागी दुसऱ्यांदा वाकल्यास तो बदलावा. चिरलेल्या सांध्यावर वरून वेल्डिंगचा थर चढवून घेण्याची पद्धत सर्रास आहे, ती चुकीची आहे. चीर संपूर्ण घासून काढून, स्वच्छ लोखंड दिसल्यावरच नवे वेल्डिंग करावे. गंजलेल्या पत्र्यावर नवा पत्रा डागणे हाही असाच प्रकार. दोन पत्र्यांमध्ये पाणी साठते आणि वर्षभरात दोन्ही जातात. दोन्ही बाजूंच्या पट्ट्या किंवा बॉडीकडील आधारच पोखरला असेल तर डागडुजीवर पैसा घालू नये, पूर्ण पायरी बदलावी.

गाडीवर असताना वेल्डिंग करावयाचे झाल्यास बॅटरीच्या केबल, आधी ऋण टोकाची, सोडवून ठेवाव्यात. अन्यथा अल्टरनेटर व अलीकडील गाड्यांतील इलेक्ट्रॉनिक भाग जळू शकतात. वेल्डिंगचा अर्थिंग चिमटा कामाच्या जागेजवळच लावावा, इंधनाच्या टाकीपासून दूर राहावे व पाण्याची बादली जवळ असू द्यावी. गॅल्व्हनाइज्ड भागावरील जस्त घासून काढल्याशिवाय वेल्डिंग करू नये. त्याच्या धुराने थंडी वाजून ताप येतो. शक्य असल्यास पायरी सोडवून कारखान्यातच न्यावी हे उत्तम.

नवी पायरी बनविताना

प्रथम उंची पाहू. गाडीची फळी जमिनीपासून किती उंच आहे हे गाडी रिकामी असताना टेपने मोजावे. याचे कारण असे की सकाळी भरलेली गाडी पाट्यांवर बसलेली असते व माल विकला जाईल तशी ती वर उचलते. सकाळी जमिनीला टेकलेले पायरीचे पाय दुपारी अधांतरी लोंबू लागतात, मग सारा भार एकट्या बिजागरावर येतो. म्हणून पाय असलेल्या पायरीस खालून सरकणारा तुकडा व पिनसाठी दर २ सें.मी.वर भोके ठेवावीत. पाय नसलेल्या, लोंबत्या पायरीस दोन्ही बाजूंनी साखळी किंवा ताणपट्टी अवश्य द्यावी.

फळी ७५ सें.मी. उंच असल्यास दोन पायऱ्या कराव्यात, म्हणजे २५ सें.मी.चे तीन समान टप्पे पडतात. टप्पे असमान असल्यास पाय हमखास अडखळतो, विशेषतः उतरताना. साडी नेसलेल्या स्त्रीस ३० सें.मी.वरील टप्पा क्रेट घेऊन चढणे अवघड जाते. गाडी बांधणारा कारागीर हे विचारणार नाही, आपण सांगितले पाहिजे. पायरी ६० सें.मी. रुंद व २५ सें.मी. खोल असावी.

पावलासाठी ३ मि.मी. चेकर्ड प्लेट पुरते. बाजूच्या पट्ट्या ४०×४०×५ मि.मी. अँगलच्या व पावलाभोवतीची चौकट ४०×४०×३ मि.मी.ची घ्यावी. पहिल्या अँगलचे वजन मीटरला ३ किलो व दुसऱ्याचे १.८ किलो असते. या हिशेबाने दोन पायऱ्यांचा संच सुमारे १८ किलोचा होतो. सर्वत्र जाड अँगल वापरल्यास तो २२ किलोपर्यंत जातो व दिवसातून दहा वेळा घडी घालणारा कंटाळून ती उघडीच ठेवतो. मजबुतीसाठी माणूस व क्रेट मिळून ९५ किलो धरावेत आणि पाय आपटल्याचा झटका लक्षात घेऊन त्याच्या दुप्पट, म्हणजे सुमारे २०० किलो भार पेलेल अशी बांधणी करावी. प्लेटमध्ये १० मि.मी.ची चार-सहा भोके पाडावीत म्हणजे पाणी साठत नाही. अल्युमिनियमची प्लेट हलकी असते खरी, परंतु ती लोखंडाला थेट भिडल्यास ओलाव्यात अल्युमिनियम झिजते. मध्ये रबराची पट्टी घालावी.

तयार पायरी तासून, धुऊन, रेड ऑक्साइडचे दोन हात व वर एनॅमल रंग द्यावा. ऐपत असल्यास गरम जस्ताच्या टाकीत गॅल्व्हनायझिंग करून घ्यावे, खतवाल्या गाडीस ते परवडतेच. मात्र चौकट बंद पाइपची असल्यास प्रत्येक पाइपला दोन्ही टोकांस भोक असले पाहिजे, नाहीतर आत कोंडलेल्या वाफेने टाकीत स्फोट होतो. पावलाच्या पुढील कडेस पिवळा पट्टा ओढावा व दाराशेजारी ३० मि.मी. पाइपचा हातदांडा लावावा. क्रेट असताना दांडा धरता येत नाही, तेव्हा एकाने वर राहून माल खाली देण्याची सवय ठेवावी. ओल्या पाल्याच्या काड्या पायरीवर पडतात त्या झाडणेही त्याच्याकडेच द्यावे.

चासीला स्वतःहून भोक पाडू नये वा वेल्डिंग करू नये. आधार बॉडीच्या आडव्या सळ्यांना द्यावा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी पुस्तकातील तपशील बदलेल असा फेरफार परवानगीविना करता येत नाही. मालवाहू गाडीची योग्यता तपासणी पहिली ८ वर्षे दर २ वर्षांनी व पुढे दरवर्षी होते. घडी घातलेली पायरी बॉडीच्या मागे डोकावता कामा नये, तसेच नंबर प्लेट, मागचे दिवे व संरक्षक दांडा झाकला जाऊ नये.

विजेवर चालणारी पायरी

राज्याच्या २०२० च्या कृषी पर्यटन धोरणानंतर आणि २०२१ च्या कॅराव्हॅन पर्यटन धोरणानंतर काही शेतकऱ्यांच्या दारी राहण्याच्या सोयीच्या मोठ्या गाड्या येऊ लागल्या आहेत. गोरेगाव-अंधेरीकडील चित्रीकरणाच्या व्हॅनिटी व्हॅन याच जातीच्या. त्यांपैकी काहींची पायरी १२ व्होल्टच्या मोटारीने आत-बाहेर होते. ती अडली तर बहुतेक वेळा मोटार बिघडलेली नसते. सांध्यात चिखल बसतो, फ्यूज उडतो किंवा अर्थिंगची तार गंजते. प्रथम फ्यूज पाहावा, नंतर सांधा धुऊन तेल द्यावे व तारेचे टोक घासून पुन्हा आवळावे. हे करताना पायरीची वीज तोडलेली असावी, कारण दाराचा खटका दबला की पायरी अचानक हलते व बोटे सापडतात. तरीही न चालल्यास मोटारीच्या दांड्याची खिळ काढून पायरी हाताने वर ढकलावी, जाड तारेने दोन ठिकाणी बांधावी व मगच गाडी रस्त्यावर काढावी.