आजोबांची बुलेट, बोरघाटाचा उतार आणि ब्रेकचे विज्ञान

कर्जत-खोपोलीच्या बाजूला अजूनही एखादी जुनी बुलेट, येझदी किंवा राजदूत रस्त्यावर दिसते. तुमच्यापैकी कुणाच्या घरी आजोबांची गाडी पडवीत उभीही असेल. ती पुन्हा चालू करायची म्हटलं की सगळे इंजिनाकडे धावतात. पण आपल्या भागात पहिला प्रश्न विचारायचा तो ब्रेकचा. एका बाजूला खंडाळ्याचा उतार, दुसऱ्या बाजूला नेरळ-माथेरानचा. इथे गाडी चालू होण्यापेक्षा ती थांबणं जास्त महत्त्वाचं!

उतार किती काम मागतो?

ब्रेक म्हणजे ऊर्जेचं रूपांतर करणारं साधन. चालत्या गाडीची गतिज ऊर्जा घर्षणाने उष्णतेत बदलते. गाडी आणि दोन माणसं मिळून ३०० किलो धरू. ताशी ६० किमी वेगाला गतिज ऊर्जा सुमारे ४२,००० ज्यूल होते. वेग निम्मा केला तर ती चौपट कमी होते, कारण सूत्रात वेगाचा वर्ग आहे.

आता खंडाळ्याहून खोपोलीला उतरा. उंचीतला फरक ढोबळ ५०० मीटर धरला, तर स्थितिज ऊर्जा ३०० × ९.८ × ५०० म्हणजे जवळजवळ १४,७०,००० ज्यूल. म्हणजे ६० च्या वेगातून ३५ वेळा गाडी थांबवण्याइतकं काम! एवढ्या उष्णतेत चार लिटर पाणी उकळीला येईल. काही भाग हवा आणि इंजिन घेतं, उरलेला सगळा ब्रेकवर.

ड्रम कुठे कमी पडतो?

जुन्या गाड्यांना दोन्ही चाकांत ड्रम ब्रेक असतो. बंद डब्यात दोन शू बाहेरच्या बाजूला फाकतात आणि लायनर ड्रमवर घासतो. डबा बंद, त्यामुळे उष्णता लवकर बाहेर पडत नाही. तापलेला ड्रम प्रसरण पावून शूपासून लांब जातो, लायनरचं घर्षणही घटतं. मग लिव्हर हँडलला टेकतो तरी गाडी थांबत नाही. पावसाळ्यात आत पाणी शिरलं की वेगळीच पंचाईत.

डिस्क उघड्यावर असते, वाऱ्याने गार होते, पाणी झटकून टाकते. म्हणून "डिस्क बसवून टाका" हा सल्ला लगेच मिळतो. पण थांबा, पायरीपायरीने जाऊ.

पहिली पायरी : आहे तो ब्रेक नीट करा

नवी केबल, नवे लायनर, आणि ड्रम लंबगोल झाला असेल तर लेथवर टर्निंग. शूची गोलाई ड्रमशी जुळली नाही तर लायनरचा थोडाच भाग टेकतो. पूर्ण ब्रेक दाबल्यावर केबल आणि ब्रेकच्या आर्ममधला कोन ९० अंशांच्या जवळ हवा, नाहीतर जोर वाया जातो. पुष्कळदा एवढ्यानेच गाडी बदलल्यासारखी वाटते. एक सावधगिरी मात्र घ्या. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो. ती धूळ हवेच्या पाइपने किंवा फुंकरीने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा.

दुसरी पायरी : दोन्ही शू पुढे ओढणारा ड्रम

साध्या ड्रममध्ये एक शू चाकाच्या फिरण्यामुळे आपोआप आत ओढला जातो, दुसरा मागे ढकलला जातो. दोन्ही शूंना वेगळा कॅम दिला की दोघेही ओढले जातात. काही बुलेटना कारखान्यातूनच असा पुढचा ब्रेक आला. गाडीचं रूपही बदलत नाही. तोटा एकच : चढावर उभी गाडी मागे सरकू लागली तर हा ब्रेक कमजोर पडतो. तेव्हा मागचा ब्रेक दाबून ठेवायचा.

तिसरी पायरी : डिस्क

इथे नुसती डिस्क आणून चालत नाही. कॅलिपर धरणारा फोर्क, जुळणारा हब, मास्टर सिलिंडर आणि होस असा पूर्ण संच लागतो. फोर्कवर घरगुती वेल्डिंग करून कॅलिपर टांगणं म्हणजे जिवाशी खेळ.

मापंही जुळायला हवीत. पास्कलचा नियम आठवा. मास्टर सिलिंडरचा व्यास १२ मिमी आणि कॅलिपरच्या पिस्टनचा ३० मिमी असेल, तर बल ६.२५ पट होतं. मास्टर सिलिंडर १५ मिमीचा घेतला तर फक्त ४ पट. म्हणजे "मोठा तो चांगला" हे इथे खोटं ठरतं. लिव्हर कडक होतो.

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. नव्या डॉट ४ ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस, ओल शोषल्यावरचा किमान १५५. ऑइल उकळून वाफ झाली की लिव्हर पोकळ जातो. कोकणच्या दमट हवेत ते वेळेवर बदलायलाच हवं.

शिवाय १२५ सीसीवरच्या नव्या गाड्यांना एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचा आहे. तुमच्या जुन्या गाडीला नुसती डिस्क बसली तरी एबीएस येत नाही. ओल्या रस्त्यावर जोरात दाबली तर पुढचं चाक अडकून गाडी घसरेल. टायर गुळगुळीत असेल तर चांगला ब्रेकही निरुपयोगी.

कायदा आणि आठवण

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांवर मर्यादा घालतं. ५० वर्षांहून जुन्या गाडीची २०२१ च्या नियमांनुसार विंटेज नोंदणी करायची असेल तर मूळ रूप जपलेलं हवं. म्हणून आधी आरटीओत विचारा, आणि काढलेला प्रत्येक भाग तेल लावून जपून ठेवा.

घाटात उतरताना

ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. बुलेटचं इंजिन गाडीला चांगलं रोखतं. येझदी-राजदूतसारख्या टू-स्ट्रोकचं तेवढं रोखत नाही. त्यांचं ऑइल पेट्रोलमधूनच येतं, म्हणून लांब उतारावर अधूनमधून थोडा ॲक्सिलरेटर द्या. ब्रेक सतत घासत ठेवू नका. दाबा, वेग कमी करा, सोडा. शिंग्रोबाच्या देवळापाशी थांबाल तेव्हा हात जोडा आणि ड्रमलाही गार होऊ द्या.

करून पाहा : तुमच्या घरच्या गाडीचं वजन आणि बसणाऱ्यांचं वजन मिळवा. ४० आणि ६० किमी वेगांची गतिज ऊर्जा काढा. दोन्हींचं गुणोत्तर २.२५ आलं, तर तुमचं उत्तर बरोबर आहे. मग हे गणित घरी गाडी चालवणाऱ्यांना दाखवा.