संशोधनातील माहितीसंच आणि दुबार नोंदी : ओळख व निराकरण

प्रस्तावना :

सामाजिक शास्त्रे, वाणिज्य व शिक्षणशास्त्र या विद्याशाखांतील संशोधनात प्रश्नावलीद्वारे माहिती संकलित केली जाते. ऑनलाइन प्रश्नावली एखाद्या विद्यार्थ्याने दोनदा पाठविली किंवा छापील प्रश्नावली दोन सहकाऱ्यांनी स्वतंत्रपणे संगणकात भरली, तर माहितीसंचात दुबार नोंदी निर्माण होतात. सांख्यिकी सॉफ्टवेअर त्या क्षणार्धात वगळू शकते. परंतु कोणत्या दोन नोंदी एकाच व्यक्तीच्या मानावयाच्या, हा निर्णय संशोधकाचाच असतो. प्रस्तुत लेखात या निर्णयाचे स्वरूप स्पष्ट केले आहे.

दुबार नोंदींचे परिणाम :

समजा, १०० विद्यार्थ्यांची प्रत्येक नोंद माहितीसंचात दोनदा आली. मध्यमान बदलणार नाही. मात्र नमुना २०० चा भासेल आणि मध्यमानाची प्रमाण त्रुटी सुमारे २९ टक्क्यांनी कमी दिसेल. परिणामी, जो फरक वस्तुतः सार्थक नाही तो सार्थक ठरू शकतो. काही नोंदीच दुबार असल्यास त्या प्रतिसादकांच्या मतांना दुप्पट वजन मिळते आणि मध्यमानही बदलू शकते.

ओळख-चलाची निवड :

ज्या चलांच्या आधारे नोंदींची तुलना केली जाते, त्यांना ओळख-चल म्हणता येईल. केवळ हजेरी क्रमांक घेतल्यास कला शाखेतील २५ क्रमांकाचा व वाणिज्य शाखेतील २५ क्रमांकाचा विद्यार्थी एकच ठरतो आणि एका खऱ्या विद्यार्थ्याची नोंद नाहीशी होते. म्हणून महाविद्यालय, शाखा, वर्ग, तुकडी, शैक्षणिक वर्ष व हजेरी क्रमांक यांचा एकत्रित विचार आवश्यक ठरतो. उलटपक्षी, संपूर्ण ओळीची तुलना केल्यास नोंदीची वेळ वेगळी असल्यामुळे खरी दुबार नोंदही सापडत नाही. तसेच एकाच विद्यार्थ्याच्या पूर्वचाचणी व उत्तरचाचणीच्या दोन ओळी या दुबार नोंदी नव्हेत.

सॉफ्टवेअरमधील कार्यपद्धती :

एसपीएसएसमध्ये 'डेटा' या मेनूतील 'आयडेंटिफाय ड्युप्लिकेट केसेस' हा पर्याय निवडून ओळख-चल द्यावे लागतात. सॉफ्टवेअर 'प्रायमरीलास्ट' हे नवे चल तयार करते. त्यात मुख्य नोंदीस १ व दुबार नोंदीस ० हे मूल्य मिळते. नोंदी लगेच पुसल्या जात नाहीत, ही या पद्धतीची जमेची बाजू होय.

'आर' या मुक्त सॉफ्टवेअरमधील 'ड्युप्लिकेटेड' हे फलन मात्र उलट क्रमाने चालते. वेगळी सूचना न दिल्यास एसपीएसएस गटातील शेवटची नोंद मुख्य मानते, तर 'आर' पहिली. विद्यार्थ्याने दुसऱ्या वेळी उत्तरे बदलली असल्यास दोन्हींचे निष्कर्ष भिन्न येतील. शिवाय, 'आर' रिक्त मूल्येही परस्परसमान मानते. त्यामुळे हजेरी क्रमांक न लिहिलेले एकाच वर्गातील सर्व विद्यार्थी एकमेकांचे दुबार ठरण्याचा धोका असतो.

मराठी नावांची अडचण :

आडनाव आधी की नाव आधी, ऱ्हस्व की दीर्घ, मध्ये एक जागा की दोन, अशा फरकांमुळे एकच व्यक्ती संगणकास दोन वाटते. 'कऱ्हाडे' या आडनावातील अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे टंकित होतो : 'ऱ' या स्वतंत्र अक्षरास हलन्त जोडून, किंवा साध्या 'र'ला हलन्त व एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. डोळ्यांना दोन्ही रूपे सारखीच दिसतात. संगणकाला ती भिन्न असतात. तुलनेपूर्वी लेखन एकसारखे करणे म्हणूनच अपरिहार्य आहे.

अशा अपूर्ण साम्याचा गणिती विचार आयव्हन फेलेगी व ॲलन सन्टर यांनी १९६९ मध्ये मांडला. त्यांनी नोंदींच्या जोड्यांचे तीन वर्ग केले : जुळणाऱ्या, न जुळणाऱ्या व संदिग्ध. संदिग्ध जोड्या मानवी तपासणीसाठी राखून ठेवल्या जातात.

समारोप :

मूळ माहितीसंच अबाधित ठेवावा, दुबार नोंदी प्रथम केवळ चिन्हांकित कराव्यात, संदिग्ध जोड्या मूळ प्रश्नावलीशी पडताळाव्यात आणि त्यानंतरच वगळाव्यात. किती नोंदी, कोणत्या निकषावर वगळल्या याचा उल्लेख शोधनिबंधाच्या संशोधन पद्धतीत असावा. वगळलेली प्रत्येक ओळ हा एखाद्या प्रतिसादकाचा आवाज असू शकतो, याचे भान त्यामुळे राहते आणि निष्कर्षांची विश्वसनीयता इतरांनाही तपासता येते.